लिमा ते साओ पाउलो: विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ नेमका कसा काढायचा

समजा, पेरूतल्या लिमाहून विमान १०:०० ला निघतं आणि ब्राझीलमधल्या साओ पाउलोला १६:५० ला पोचतं (दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या). परतीचं विमान साओ पाउलोहून १०:०० ला निघून लिमाला १३:२० ला. तिकिटावर एवढंच छापलेलं असतं आणि बहुतेक जण सरळ वजाबाकी करतात: जायला जवळजवळ सात तास, यायला साडेतीनच्याही आत. दोन्ही आकडे चूक. खरा वेळ जाताना ४ तास ५० मिनिटं आणि येताना ५ तास २० मिनिटं. जो प्रवास निम्मा वाटतो तोच प्रत्यक्षात जास्त लांबतो. (वेळा नमुन्याच्या आहेत, पण या मार्गावरची वेळापत्रकं साधारण याच घरातली असतात.)

दक्षिण अमेरिकेतल्या विमानतळांच्या जोड्यांमध्ये हा घोळ वारंवार होतो. कारणं चार: एका शहरात दोन-तीन विमानतळ, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना पसरलेले देश, अँडीज पर्वतरांग, आणि देशागणिक बदलणारी घड्याळं. खालचा क्रम कुठल्याही जोडीला चालतो. उदाहरण मात्र लिमा–साओ पाउलोचंच धरलं आहे, कारण त्यात जवळपास सगळे खड्डे येतात.

## तयारी: आधी काय हाताशी हवं

- दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड (शहराचे नव्हेत)
- दोन्हींचे अक्षांश-रेखांश, दिशेसह
- प्रवासाच्या तारखेला दोन्हीकडे यूटीसीपासून (जगभर संदर्भासाठी धरली जाणारी प्रमाणवेळ) किती तासांचा फरक आहे ते
- विमानाचा प्रकार. बुकिंगच्या तपशिलात तो बहुधा दिलेला असतो
- साइन-कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर. फोनमधला आडवा धरला की चालतो

घड्याळांपासून सुरुवात करू नका. विमानतळ, अंतर, वेग, वारा आणि मग घड्याळं, हाच क्रम ठेवा. उलटं केलं तर आकडा चुकलाय हे कळतं, पण कुठे चुकलाय ते सापडत नाही.

## १. विमानतळ पक्का करा, शहर नव्हे

'साओ पाउलो' एवढं लिहून अंतर काढणं म्हणजे अर्धवट पत्त्यावर पत्र टाकणं. तिथे ग्वारुल्योस (जीआरयू), कॉन्गोन्यास (सीजीएच) आणि शेजारच्या कांपिनासमधला विराकोपोस (व्हीसीपी) असे तीन विमानतळ आहेत. लिमाची विमानं ग्वारुल्योसला उतरतात. कॉन्गोन्यास शहराच्या पोटात आहे आणि मुख्यतः देशांतर्गत उड्डाणांसाठी वापरला जातो. दोघांमधलं अंतर सरळ रेषेत २८ किमीच्या आसपास. विमानाच्या वेळेत त्याने काडीचा फरक पडत नाही, पण पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून असेल तर तेच अंतर साओ पाउलोच्या ट्रॅफिकमध्ये अख्खी सकाळ खातं.

बुएनोस आइरेसमध्येही तसंच: एसेइसा (ईझेडई) शहराबाहेर, आएरोपार्के (एईपी) नदीकाठी. मध्ये सरळ रेषेत ३१ किमी. रिओत गालेआओ (जीआयजी) आणि सांतोस दुमॉन्त (एसडीयू). बोलिव्हियातल्या सांताक्रूझला व्हिरू व्हिरू (व्हीव्हीआय) आणि शहरातला जुना एल त्रोम्पिल्यो.

सावधान: एसएओ, आरआयओ, बीयूई हे शहरांचे सामाईक कोड आहेत. त्यात सगळे विमानतळ एकत्र येतात. तिकीट शोधायला ते सोयीचे, अंतर काढायला निरुपयोगी.

सावधान: नावं सारखी, खंड वेगळा. ला पाझ बोलिव्हियात आहे (एलपीबी) तसं मेक्सिकोतही आहे (एलएपी). बार्सेलोना, व्हॅलेन्सिया, मेरिदा ही तिन्ही नावं व्हेनेझुएलातही सापडतात. कार्ताखेना कोलंबियात आणि स्पेनमध्ये. अंतर अचानक आठ हजार किलोमीटर आलं तर गणित तपासण्याआधी कोड तपासा.

तपासणी: इक्वाडोरमधल्या क्वितोचे (यूआयओ) अक्षांश-रेखांश जुन्या यादीतून घेत असाल तर थांबा. तो विमानतळ फेब्रुवारी २०१३ मध्ये शहरातून उठून ताबाबेलाला गेला. कोड तोच राहिला, जागा बदलली.

## २. अक्षांश-रेखांश दशांशात आणा

आपल्या जोडीचे आकडे:

- लिमा, होर्हे चावेस: १२° ०१′ १९″ दक्षिण, ७७° ०६′ ५२″ पश्चिम
- साओ पाउलो, ग्वारुल्योस: २३° २६′ ०८″ दक्षिण, ४६° २८′ २३″ पश्चिम

हे अंश-कला-विकलांमध्ये आहे. कलांना ६० ने, विकलांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं. दक्षिण आणि पश्चिम दोन्हीला उणे चिन्ह लावायचं. मग लिमा होतं −१२.०२२, −७७.११४ आणि ग्वारुल्योस −२३.४३६, −४६.४७३.

नेहमीची चूक: २३° २६′ ०८″ हे २३.२६०८ असं उतरवून घेणं. दिसायला किरकोळ, पण विमानतळ १९ किमी सरकतो.

त्याहून मोठी चूक: चिन्ह विसरणं. लिमा आणि साओ पाउलो दोन्ही दक्षिण-पश्चिमेला असल्याने इथे चिन्ह विसरलात तरी उत्तर बरोबर येतं, आणि तीच वाईट सवय कोलंबियातल्या बोगोताला महागात पडते. बोगोता विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे, +४.७०२. बोगोता–लिमा अंतर १,८८८ किमी. बोगोताला चुकून उणे चिन्ह लावलं तर उत्तर ८७७ किमी येतं, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि ८७७ हा आकडा काही अशक्य वाटत नाही, म्हणून तो तसाच पुढे जातो.

## ३. अंतर काढा

पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दोन बिंदूंमधला सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे मोठ्या वर्तुळाचा कंस. कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवर ठेवा आणि एकेक पायरी घ्या.

- अक्षांशांतला फरक ११.४१४, त्याचा अर्धा ५.७०७. याच्या साइनचा वर्ग: ०.००९९
- रेखांशांतला फरक ३०.६४१, त्याचा अर्धा १५.३२. याच्या साइनचा वर्ग: ०.०६९८
- दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार: ०.९७८ × ०.९१७५ = ०.८९७
- दुसरी आणि तिसरी ओळ गुणा: ०.०६२६. त्यात पहिली ओळ मिळवा: ०.०७२५
- वर्गमूळ: ०.२६९३. याचा व्यस्त साइन: १५.६२ अंश
- दुप्पट करा: ३१.२४ अंश. एका अंशाला १११.१९ किमी धरून गुणा

उत्तर ३,४७४ किमी. सागरी मैलांत १,८७६, साध्या मैलांत २,१५९. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने या पद्धतीत फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. वेगवेगळ्या ठिकाणी ३,४६० ते ३,४८० असे आकडे दिसले तर त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. आपण ३,४७० धरू.

स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर एक लक्षात ठेवा: तिथली साइन-कोसाइनची सूत्रं रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) मागतात. अंश तसेच घातले तर उत्तर येतं, पण ते काहीही असतं.

पडताळणी, दोन मिनिटांची: अक्षांशफरक × १११ = १,२६७ किमी. रेखांशफरक × १११ × मधल्या अक्षांशाचा (१७.७) कोसाइन = साधारण ३,२४० किमी. या दोन्ही काटकोनातल्या बाजू समजून कर्ण काढा: ३,४७९. मूळ उत्तराला इतकं जवळ आलं म्हणजे कुठे मोठी गफलत नाही. फरक पाच टक्क्यांच्या वर गेला तर दुसऱ्या टप्प्याकडे परत जा. ही पडताळणी चार-पाच हजार किमीपर्यंतच विश्वासाची.

सावधान: 'मैल' म्हणजे कुठले, ते पाहा. वैमानिकांचे आणि उड्डाण नोंदींचे मैल सागरी असतात (१.८५२ किमी). १,८७६ सागरी मैलांना साधे मैल समजून १.६ ने गुणलंत तर साडेचारशे किलोमीटर हवेत विरतात.

रस्त्याचं अंतर हा वेगळाच विषय. सांतियागो (चिली) ते मेंदोसा (अर्जेंटिना) हवेतून १९६ किमी, रस्त्याने जवळजवळ दुप्पट, कारण मध्ये अँडीज आहे, आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की तो घाट बंदही होतो. पेरूतल्या इकितोसला तर बाकीच्या देशातून रस्ताच जात नाही. तिथे 'गाडीने किती वेळ' हा प्रश्नच गैरलागू.

## ४. अंतराचा वेळ करा

इथे सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे 'अंतर भागिले ९००'. ऑनलाइन दिसणारा 'उड्डाणाचा वेळ' पुष्कळदा असाच काढलेला असतो. तो किमान वेळ समजा, त्यापलीकडे त्याला किंमत देऊ नका.

समतल उड्डाणाचा वेग विमानाप्रमाणे बदलतो:

- ए३२०, ७३७ आणि एम्ब्राएरची ई-जेट: ताशी साधारण ८३० किमी
- ७८७, ए३५०: ताशी साधारण ९०० किमी
- एटीआर ७२ (पंख्यांचं): ताशी ५०० किमीच्या आसपास

यात दोन भर घालायच्या. पहिली, मार्गाचे वळसे: अंतरात ४ ते ५ टक्के. दुसरी, ठरावीक ४० मिनिटं. गेट सोडून धावपट्टीपर्यंत जाणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत चालत येणं, हे सगळं त्यात आलं. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, चाकं जमीन सोडल्यापासूनची नव्हे. विमान प्रत्यक्ष हवेत त्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं कमी असतं, म्हणून ट्रॅकिंग ॲपवरचा आणि तिकिटावरचा आकडा कधीच जुळत नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात.

आपली जोडी: ३,४७० × १.०४ = ३,६१० किमी. भागिले ८३० = ४ तास २१ मिनिटं. अधिक ४० मिनिटं = ५ तास १ मिनिट. हा वारा नसतानाचा आकडा.

कुठे चालत नाही: तीनशे किमीच्या आतल्या उड्डाणांना. सांतियागो–मेंदोसा १९६ किमी भागिले ८३० केलं तर १४ मिनिटं येतात, पण विमान समतल उंचीवर स्थिरावेपर्यंत उतरायची वेळ होते. शिवाय आकोन्काग्वाच्या (६,९६१ मी) शेजारून जायचं असतं. वेळापत्रकात पाऊण तास ते तास धरलेला असतो.

## ५. वारा आणि डोंगर

लिमाकडून साओ पाउलोला जाणारं विमान पूर्वेकडे जातं. दक्षिण गोलार्धात विसाव्या अक्षांशाच्या पलीकडे वरच्या हवेतला वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात तो सर्वात जोरात असतो. जाताना तो पाठीशी, येताना तोंडावर. ताशी सरासरी ५० किमी धरून पाहा:

- लिमा → साओ पाउलो: ३,६१० ÷ ८८० = ४ ता ६ मि, अधिक ४० मि = ४ ता ४६ मि
- साओ पाउलो → लिमा: ३,६१० ÷ ७८० = ४ ता ३८ मि, अधिक ४० मि = ५ ता १८ मि

सुरुवातीच्या नमुना वेळांशी ताडून पाहा: ४:५० आणि ५:२०. चार मिनिटांच्या आत. गंमत अशी की, वारा जाताना १५ मिनिटं वाचवतो आणि येताना १७ खातो. तोंडावरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून हिशेब कधी फिटत नाही.

अजून दक्षिणेला गेलं की फरक ठळक होतो. सांतियागो–एसेइसा १,१४० किमी, वळशांसह १,१९५. हिवाळ्यात ताशी १२० किमी वारा धरला तर पूर्वेकडे १ तास ५५ मिनिटं, पश्चिमेकडे २ तास २१ मिनिटं. उलट बोगोता–लिमासारख्या उत्तर-दक्षिण आणि विषुववृत्ताजवळच्या मार्गावर वारा जवळपास सोडून द्या. १,८८८ किमीला दोन्ही दिशांना तीन तासांच्या किंचित वर.

अँडीजमुळे वळसे का पडतात? केबिनमधला दाब अचानक गेला तर विमानाला साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. डोंगररांगेवर खाली यायला जागाच नसते. म्हणून ती ओलांडण्याचे मार्ग आणि त्यावरून माघारी फिरण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, आणि नकाशावरची सरळ रेष तिथे थोडी वाकते. लिमा–साओ पाउलोत हा भाग सुरुवातीच्या टप्प्यात येतो. अर्ध्या वाटेवर, बोलिव्हियातल्या सांताक्रूझच्या आसपास, डोंगर मागे पडलेले असतात.

ला पाझच्या (एल आल्तो) बाबतीत आणखी एक अडचण. विमानतळ ४,०६१ मीटरवर आहे. विरळ हवेत विमान पूर्ण वजनाने उडू शकत नाही, त्यामुळे लांबच्या प्रवासात मध्ये सांताक्रूझचा थांबा येण्याची शक्यता जास्त. अंतर काढताना तो थांबा आहे का ते आधी पाहा.

## ६. घड्याळं, सगळ्यात शेवटी

नियम एकच: दोन्ही वेळा यूटीसीत नेऊन मगच वजाबाकी. लिमा यूटीसी −५, साओ पाउलो −३. लिमाचे १०:०० म्हणजे यूटीसी १५:००. साओ पाउलोचे १६:५० म्हणजे १९:५०. फरक ४:५०. घरी पुण्यात बसून कुणी वाट पाहत असेल तर यूटीसीत साडेपाच तास मिळवा: निघणं रात्री ८:३०, पोचणं रात्री १:२०, आणि तारीख पुढची.

सध्याचे फरक असे:

- −५: पेरू, कोलंबिया, इक्वाडोर (गालापागोस −६), ब्राझीलचं आक्रे राज्य
- −४: बोलिव्हिया, व्हेनेझुएला, गयाना, ब्राझीलमधलं मानाउस
- −३: अर्जेंटिना, उरुग्वे, पाराग्वे, सुरिनाम, ब्राझीलचा बहुतांश भाग
- चिली: हिवाळ्यात −४, उन्हाळ्यात −३

चिलीत थांबून नीट पाहा. तिथली घड्याळं साधारण एप्रिल आणि सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मध्यरात्री बदलतात, पण सरकार तारीख हलवतं. २०२२ मध्ये सार्वमतामुळे बदल एक आठवडा पुढे ढकलला होता. आणि दक्षिण टोकाचा मागायानेस प्रांत, म्हणजे पुंता आरेनास, वर्षभर −३ वरच असतो. त्यामुळे जुलैत सांतियागोहून पुंता आरेनासला जाताना देशाच्या आतच घड्याळ तासाने पुढे करावं लागतं, जानेवारीत नाही.

सावधान, जुनी माहिती: ब्राझीलने उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करणं) २०१९ पासून बंद केली. पाराग्वे ऑक्टोबर २०२४ पासून कायम −३ वर आहे. व्हेनेझुएलात −४:३० ही वेळ १ मे २०१६ ला संपली. जुन्या तक्त्यावरून हिशेब केला तर तासा-अर्ध्या तासाची चूक हमखास.

तपासणी, यूटीसीचा तक्ता हाताशी नसेल तर: जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही 'दिसणारे' वेळ मिळवा आणि निम्मे करा. ६:५० अधिक ३:२० बरोबर १०:१०, निम्मे ५:०५. घड्याळांतला फरक एकदा मिळवला जातो आणि एकदा वजा होतो, म्हणून तो आपोआप गळून पडतो. उरतो तो दोन्ही दिशांचा सरासरी वेळ. चौथ्या टप्प्यातल्या ५:०१ शी तो जुळतो का पाहा. पंधरा मिनिटांहून जास्त फरक असेल तर एक तर विमान वेगळ्या प्रकारचं आहे, नाहीतर मध्ये थांबा आहे.

रात्रीच्या विमानात वेळेपेक्षा तारखेकडे लक्ष द्या. लिमाहून २३:३० ला निघणारं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतं. हॉटेलचं बुकिंग निघण्याच्या तारखेचं केलंत तर एका रात्रीचे पैसे वाया, आणि पोचल्यावर दुपारपर्यंत खोली मिळेलच असं नाही.

## ७. थांबा असेल तर

प्रत्येक टप्पा स्वतंत्र काढा. लिमा–साओ पाउलो व्हाया सांतियागो असेल तर २,४६० अधिक २,६१० म्हणजे ५,०७० किमी. सरळ अंतरापेक्षा १,६०० किमी जास्त, आणि ४० मिनिटांची ठरावीक भर दोनदा. तिकीट स्वस्त दिसतं त्यामागे बहुधा हेच असतं. बुकिंगच्या पानावरचा 'एकूण वेळ' थांब्यासकट असतो. त्याला उड्डाणाचा वेळ समजू नका.

ब्राझीलमध्ये परदेशातून येऊन पुढे देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन, मग बॅगा ताब्यात घेऊन कस्टम्स, मग पुन्हा बॅगा जमा करणं असा क्रम असतो. ग्वारुल्योसला त्यासाठी अडीच-तीन तास हाताशी ठेवा. दीड तासाचं कनेक्शन कागदावर बसतं, रांगेत बसत नाही. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

मुंबईहून जाणाऱ्यांनी हाच हिशेब दुबई, दोहा किंवा अदिस अबाबाच्या थांब्यासह करावा. पद्धत तीच.

## ८. फोनमध्ये नोंदवताना

निघण्याची वेळ निघण्याच्या शहराच्या टाइमझोनमध्ये आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या शहराच्या टाइमझोनमध्ये नोंदवा. कॅलेंडरमध्ये दोन्ही वेगवेगळे निवडता येतात. मुंबईत बसून '१०:०० लिमा–साओ पाउलो' असं नुसतं लिहिलंत तर फोन ते भारतीय वेळेत धरतो, आणि लिमात उतरल्यावर तीच नोंद आदल्या रात्री ११:३० ची दिसायला लागते. नोंदीच्या शीर्षकातच 'स्थानिक वेळ १०:००' असं लिहून ठेवलं की फोनने काहीही केलं तरी अडत नाही.